ठिपका कुठून आला?

पावसाळ्याचे दिवस होते. तालुक्याच्या कचेरीसमोर झेरॉक्सचे एक दुकान आहे. दुकान कसले, टपरीच ती. पण तिच्यापुढे सकाळपासून माणसांची रांग लागली होती. कोणाला रेशनकार्डाची प्रत हवी, कोणाला सातबाराची, कोणाला मुलाच्या दाखल्याची. शाळा-कॉलेजांचे प्रवेश चालू होते, म्हणून गर्दी जास्त.

आम्ही झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करतो. त्या दिवशी त्याच दुकानात आमचे बोलावणे होते. आम्ही पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच एक मावशी कचेरीतून तरातरा आली. तिच्या हातात तीन कागद होते. तिच्या मुलीला वसतिगृहात प्रवेश हवा होता. अर्जाची शेवटची तारीख तीच होती. अर्जाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जोडायची होती. ती प्रत तिने याच दुकानातून नेली होती.

"अहो शेठ, हे बघा काय झालं! भाऊसाहेब म्हणतात, तारखेवर खाडाखोड दिसते. असा कागद वर पाठवला तर परत येईल म्हणे."

दुकानदाराने प्रत पाहिली. जन्मतारखेतल्या एका आकड्यावर काळा ठिपका बसला होता. तो आकडा 1 आहे की 7, ते कळत नव्हते.

"तुमचा मूळ कागदच खराब असेल, मावशी."

"कागद खराब नाही. मी स्वतः वाचलाय तो. मागल्या सालापासून मला वाचता येतं. तुम्ही तीन प्रती दिल्या. एकीत ठिपका तारखेवर, दुसरीत नावावर, तिसरीत शिक्क्यावर. मूळ कागदावर ठिपका असता, तर तो एकाच जागी नसता का आला?"

दुकानदार गप्प झाला. मावशीचे म्हणणे बिनतोड होते. ठिपका कागदाचा नव्हता, यंत्राचा होता. पण यंत्रात शेकडो भाग असतात. त्यातल्या कोणत्या भागाने हा ठिपका घातला? तो भाग शोधायचा कसा? तेच आज आपण समजून घेऊ. मावशीच्या अर्जाचे काय झाले, तेही शेवटी सांगू.

हाताने नक्कल करण्याचे दिवस

आज दोन-चार रुपयांत प्रत मिळते. पूर्वी तसे नव्हते. कागदाची नक्कल हवी असेल, तर कोणीतरी बसून ती हाताने लिहायची. मग दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहायची. एक आकडा चुकला तर सगळे वाया. वेळ जाई, पैसा जाई, आणि चुका राहत त्या राहतच.

या त्रासाला अमेरिकेतला एक माणूस फार कंटाळला होता. त्याचे नाव चेस्टर कार्लसन. त्याचा जन्म 1906 सालचा. बाप आजारी, घरात गरिबी. लहानपणापासून त्याने मोलमजुरी करून घर चालवले आणि शिक्षणही केले. पुढे तो न्यूयॉर्क शहरात नोकरीला लागला. नवीन शोधांची सरकारात नोंद करायची, त्या खात्यातले ते काम होते. तिथे कागदांच्या नकला सारख्या लागत. लिहून लिहून त्याचे हात दुखत. डोळेही अधू होते. त्याला वाटे, बटण दाबले की प्रत हातात, असे काही करता येणार नाही का?

त्याने स्वयंपाकघरातच प्रयोग सुरू केले. मग अस्टोरिया नावाच्या भागात एक खोली भाड्याने घेतली. मदतीला ओटो कोर्नाय नावाचा मूळचा ऑस्ट्रियाचा इंजिनियर ठेवला. 22 ऑक्टोबर 1938 या दिवशी दोघांनी जस्ताचा एक पत्रा घेतला. त्याला गंधकाचा थर दिलेला होता. तो थर त्यांनी रुमालाने खसाखसा घासला. काचेच्या पट्टीवर शाईने ती तारीख आणि 'अस्टोरिया' हे नाव लिहिले. काच पत्र्यावर ठेवली आणि वरून प्रखर दिवा लावला. मग काच उचलून पत्र्यावर बारीक पूड भुरभुरली आणि हळूच फुंकर मारली. जास्तीची पूड उडून गेली. पत्र्यावर राहिली ती फक्त अक्षरे! मेणकागद दाबून ती अक्षरे त्यांनी कागदावर उतरवली. कोरड्या पुडीने काढलेली ती पहिली प्रत.

प्रत निघाली, पण ती कोणाला पटेना. कार्लसनने वीसहून जास्त कंपन्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडून नकार. शेवटी एका लहान कंपनीने हे काम हाती घेतले. साध्या कागदावर प्रत काढणारे मोठे यंत्र 1959 साली लोकांपुढे आले. म्हणजे पहिल्या प्रतीनंतर 21 वर्षांनी. त्या यंत्राचे वजन जवळजवळ 300 किलो होते. त्या कंपनीने पुढे झेरॉक्स हे नाव घेतले. आपल्याकडे तर ते नाव प्रतीलाच चिकटले. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, आपण म्हणतो, "एक झेरॉक्स द्या."

यंत्राच्या पोटात काय चालते

यंत्राची खोड ओळखायची, तर आधी त्याची चाल कळली पाहिजे. शेतात पीक पिवळे का पडले, हे कोण सांगू शकतो? ज्याला पीक कसे वाढते हे ठाऊक आहे, तोच. तसेच हे.

एक गंमत करून पाहा. हिवाळ्यात कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा जोराने फिरवा. मग तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडून कंगव्याला चिकटतात. हे कशाने होते? घासल्याने कंगव्यावर थोडी वीज साठते. ती वाहत नाही, जागच्या जागी बसून राहते. म्हणून तिला स्थिर वीज म्हणतात. झेरॉक्सचे सगळे काम या स्थिर विजेवर चालते. कार्लसनने रुमालाने पत्रा घासला तो याचसाठी.

यंत्राच्या पोटात एक गुळगुळीत नळकांडे असते. त्याला ड्रम म्हणतात. हा ड्रम म्हणजे यंत्राची पाटी. अंधारात त्याच्यावर वीज टिकते. उजेड पडला की त्या जागेची वीज उतरते. ड्रम गोल फिरतो आणि एका फेऱ्यात पाटीवर लिहिणेही होते, पुसणेही होते. हे काम ओळीने असे चालते :

1. भारणे. ड्रमवर सगळीकडे सारखी वीज बसवली जाते. पाटी कोरी आणि तयार झाली.

2. लिहिणे. काचेवर पालथ्या ठेवलेल्या कागदाखालून दिवा सरकतो आणि कागद वाचून घेतो. मग लेसरचा बारीक किरण ड्रमवर पडतो. जिथे काळे अक्षर हवे, तिथेच तो पडतो. तिथली वीज उतरते. अक्षर उमटले, पण ते अजून डोळ्यांना दिसत नाही.

3. पूड लावणे. काळी पूड म्हणजे टोनर. ती शाई नव्हे. काजळीसारखा काळा रंग घातलेले ते बारीक प्लास्टिक असते. पुडीवरही वीज असते. म्हणून ती अक्षराच्या जागीच बसते. बाकीच्या जागी ड्रमची वीज तिला दूर लोटते.

4. कागदावर उतरवणे. कागद ड्रमला लागून जातो. कागदामागून विजेची ओढ लावलेली असते. पूड ड्रम सोडून कागदावर येते.

5. भाजणे. आता पूड कागदावर नुसती बसलेली असते. फुंकर मारली तर उडेल. कागद दोन रोलरांच्या मधून जातो. एक रोलर तापलेला, दुसरा दाब देणारा. पाणी 100 अंशांना उकळते. हा रोलर सहसा 150 अंशांच्याही वर तापतो. पूड वितळून कागदात रुतते. या भागाला फ्यूजर म्हणतात. म्हणूनच नुकतीच निघालेली प्रत हाताला गरम लागते.

6. पुसणे. ड्रमवर उरलेली पूड एक रबरी पाते निपटून काढते. पाटी पुन्हा कोरी झाली.

जुन्या काळच्या यंत्रांत लेसर नव्हता. आरशांवरून दिव्याचा उजेडच थेट ड्रमवर पडे. बाकी चाल साधारण अशीच होती.

ही सहा कामे लक्षात ठेवा. यंत्राची बहुतेक दुखणी यांतल्याच एकात असतात, नाहीतर कागद येण्या-जाण्याच्या वाटेवर असतात.

आधी वाचा, मग उघडा

नवखा कारागीर आला की आधी स्क्रू काढायला लागतो. जाणता कारागीर आधी बिघडलेली प्रत मागतो. ती उजेडात धरतो. पुढून बघतो, मागून बघतो, बोटाने चोळतो. प्रत म्हणजे यंत्राने स्वतःच्या दुखण्याची लिहून दिलेली चिठ्ठी आहे. ती वाचता आली पाहिजे.

चाकातला खिळा

बैलगाडीच्या चाकाला एक खिळा वर आला आहे असे समजा. गाडी ओल्या वाटेवरून गेली. वाटेवर खिळ्याची खूण कशी पडेल? एकदा पडेल, मग चाकाचा एक फेरा झाला की पुन्हा पडेल. दोन खुणांमधले अंतर मोजले, की चाकाचा घेर कळला. मोठे चाक असेल तर खुणा लांब लांब, लहान चाक असेल तर जवळ जवळ.

झेरॉक्सचेही तसेच आहे. यंत्रात लहानमोठे पुष्कळ रोलर असतात. प्रत्येकाचा घेर वेगळा. ड्रमवर ओरखडा असेल, तर प्रतीवर ठिपका ड्रमच्या घेराइतक्या अंतराने पुन्हा पुन्हा येतो. 30 मिलिमीटर जाडीचा ड्रम पुष्कळ यंत्रांत असतो. त्याचा घेर किती? जाडीला 3.14 ने गुणा. घेर आला 94 मिलिमीटर. नेहमीचा कागद 297 मिलिमीटर लांब असतो. म्हणजे त्यावर एकाखाली एक असे तीन, कधी चार ठिपके येतात. अंतर निराळे आले, तर दोष निराळ्या रोलरचा.

आणि ठिपका पानावर एकदाच येत असेल तर? तर वरची काच बघा. काचेवरचा डाग फिरत नाही, म्हणून तो पानावर एकदाच आणि नेहमी त्याच जागी येतो. तो साध्या ओल्या फडक्याने जातो. चार आण्यांचे काम, त्यासाठी हजारांचा ड्रम बदलायला नको.

उभी रेघ

काही यंत्रांत कागदांचा गठ्ठा वर ठेवला, की एकेक कागद आपोआप आत ओढला जातो. त्या भागाला फीडर म्हणतात. फीडरने काढलेल्या प्रतीवर वरपासून खालपर्यंत काळी रेघ येते, अशी तक्रार फार असते. आम्ही तोच कागद हाताने मोठ्या काचेवर ठेवून बघतो. रेघ गेली, तर यंत्राच्या पोटात काही बिघाड नाही. मोठ्या काचेच्या बाजूला काचेची एक अरुंद पट्टी असते. फीडरचा कागद तिच्यावरून सरकतो. कागदावरचा ओला व्हाइटनर किंवा बॉलपेनची शाई त्या पट्टीला लागते. तीळभर डाग, पण कागद वरून सरकतो म्हणून त्याची लांबच लांब रेघ होते. ती पट्टी पुसली, की रेघ जाते.

बोटाला काळे

प्रत चोळली आणि बोटाला काळे लागले, तर पूड नीट भाजली गेली नाही. फ्यूजर पुरेसा तापत नसेल, दाबाचा रोलर झिजला असेल, नाहीतर कागद फार जाड किंवा दमट असेल. अशी प्रत फायलीत ठेवली, तर काही दिवसांनी अक्षरे समोरच्या पानाला लागतात. तेव्हा महत्त्वाच्या कागदाची प्रत घेताना एकदा बोट फिरवून बघावे. हे कोणालाही करता येते.

पाटाला पाणी येत नाही

कधीकधी प्रत कोरीच निघते. अक्षर नाही, काही नाही. आता प्रत काय सांगणार? तेव्हा दुसरी युक्ती करावी लागते.

शेताला पाटाचे पाणी येत नसेल, तर आपण काय करतो? सगळा पाट खणत नाही. मध्यावर जाऊन बघतो. तिथे पाणी असेल तर अडथळा खालच्या अंगाला. नसेल तर वरच्या अंगाला. एका खेपेत अर्धा पाट शोधून झाला.

तसेच इथे करायचे. कागद अर्ध्या वाटेवर असताना यंत्र थांबवायचे. वीज बंद करून ड्रम बाहेर काढायचा आणि बघायचा. ड्रमवर काळी अक्षरे दिसली, तर पहिली तीन कामे झाली आहेत. दोष चौथ्या कामात, म्हणजे पूड कागदावर येण्यात आहे. ड्रम कोराच असेल, तर दोष आधीच्या कामांत आहे. लेसरचा किरण पोचत नसेल, नाहीतर पूड येत नसेल. मग उरलेल्या वाटेचा पुन्हा मध्य धरायचा. असे दोन-तीन वेळा केले, की दोष सापडतो.

अडकलेला कागद

सगळ्यांत जास्त तक्रार कोणती? कागद अडकतो ही. आणि ती पावसाळ्यात वाढते. कागद हवेतली ओल पितो. ओला कागद वाकडा होतो, दोन कागद एकमेकांना चिकटतात. मग यंत्र एकाऐवजी दोन ओढते आणि ते मध्येच अडकतात.

उपाय साधा आहे. कागदाचे रीम जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावे. फोडलेले रीम पिशवीत गुंडाळून ठेवावे. यंत्रात लागेल तेवढाच कागद भरावा. भरताना गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्यावा. ट्रेमधल्या बाजूच्या पट्ट्या कागदाला लागून असाव्यात, घट्ट दाबून नसाव्यात.

तरी अडकत असेल, तर कागद ओढणारा रबरी रोलर बघावा. कागदाच्या धुळीने तो गुळगुळीत होतो आणि घसरतो. ओल्या फडक्याने पुसला, की बरेच दिवस पुन्हा चालतो. रबर झिजले असेल, तर मात्र बदलावेच लागते.

आणखी एक गंमत सांगतो. कधी यंत्र म्हणते, कागद अडकला आहे. उघडून बघावे तर कागद कुठेच नाही! कागदाच्या वाटेवर दाराच्या खिटीसारख्या लहान लहान खिट्या असतात. कागद आला की खिटी हलते आणि यंत्राला कळते. मागे अडकलेला कागद ओढून काढताना नखाएवढा तुकडा फाटून खिटीखाली राहिला, तर यंत्राला वाटते, कागद अजून आहेच. म्हणून अडकलेला कागद काढला, की तो सपाट करून बघावा. कोपरा फाटलेला असेल, तर तो तुकडा आतच आहे असे समजावे.

जिवाची काळजी आधी

या यंत्राशी खेळ करू नये. आत हात घालण्याआधी बटण बंद करावे आणि प्लगही काढावा. ड्रम भारण्यासाठी आत फार मोठ्या दाबाची वीज असते. फ्यूजर निवायला वेळ लागतो, त्याला घाईने हात लावला तर बोटे भाजतात. लेसरच्या वाटेत डोळा घालू नये. ड्रमला उघड्या हाताने शिवू नये आणि उन्हात तर मुळीच ठेवू नये, तो खराब होतो.

सांडलेल्या पुडीवर फुंकर मारू नये, ती नाकातोंडात जाते. नाकावर फडके बांधावे आणि ओल्या फडक्याने पूड टिपून घ्यावी. कपड्यावर पडली, तर आधी झटकावी, मग थंड पाण्याने धुवावी. गरम पाणी वापरू नये. पूड उष्णतेने वितळते, हे आपण वर पाहिलेच. गरम पाण्याने डाग पक्का बसेल.

मावशीचा अर्ज

आता मावशीकडे येऊ. आम्ही आधी काच पुसली आणि कोरा कागद ठेवून प्रत काढली. तरी ठिपके आले. एकाखाली एक, एकाच रांगेत. पट्टीने मोजले. अंतर 94 मिलिमीटर. दोष ड्रमचाच.

ड्रम काढून आडवा धरला. एका अंगाला मोहरीएवढा टोचा पडला होता.

"शेठ, इथं काय टोचलं होतं?"

दुकानदार खाली बघू लागला. "परवा कागद अडकला होता. समोर गर्दी. घाईघाईत चाकूच्या टोकानं ओढून काढला."

टोचा पुसून जात नाही. ड्रम बदलायलाच हवा. पण नवा ड्रम जिल्ह्याच्या गावाहून यायचा, म्हणजे उद्याची गोष्ट. आणि मावशीच्या अर्जाला तासाभराचीच मुदत होती. दुकानदार म्हणाला, "आज काही होत नाही, मावशी."

मावशीचा चेहरा उतरला. मुलीचे वर्ष हातचे जाईल असे तिला वाटले.

आम्ही प्रत पुन्हा नीट पाहिली. ठिपक्यांची रांग दाखल्याच्या उजव्या कडेपासून दोन बोटांवर होती. तारीख तिथेच लिहिलेली होती. डाव्या अंगाला मात्र चांगला रुंद समास होता, कोरा. ठिपका वरखाली सरकत होता, पण रांग सोडत नव्हता. मग आम्ही ड्रम परत बसवला आणि दाखला काचेवर फिरवून ठेवला. डोके होते तिकडे पाय, पाय होते तिकडे डोके. बटण दाबले. ठिपके आलेच, पण आता ते दाखल्याच्या डाव्या समासात आले. तारीख स्वच्छ, नाव स्वच्छ, शिक्का स्वच्छ.

मावशीने प्रत हातात घेतली. ओळीवर बोट ठेवून मुलीचे नाव आणि तारीख वाचली. मग म्हणाली, "आता बरोबर आहे." दुकानदाराने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. आधीचेही परत केले. कचेरीत भाऊसाहेबांनी मूळ दाखला आणि प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली. अर्ज दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रम बसवला. ठिपके गेले. पण काम तिथे संपले नाही. नुसता ड्रम बदलून आम्ही निघून गेलो असतो, तर महिन्याभरात नवा ड्रमही टोचला गेला असता. कागद मुळात अडकला का, ते पाहिले. टपरीच्या कोपऱ्यात रीम जमिनीवर ठेवलेले होते आणि वरून पत्रा गळत होता. रीम ओले म्हणून कागद अडकला. कागद अडकला म्हणून चाकू घातला. चाकू घातला म्हणून ड्रम टोचला. ड्रम टोचला म्हणून दाखल्यावर ठिपका आला. आणि ठिपक्यापायी एका मुलीचा प्रवेश अडला होता. आम्ही रीम फळीवर ठेवायला लावले आणि ओढणारा रोलर पुसून दिला. खरी दुरुस्ती ती.

हे काम कोणाला जमेल?

हे काम शिकायला फार मोठी शाळा लागते असे नाही. लिहिता-वाचता यावे, मोजता यावे, हात सावध असावा. चांगल्या कारागिराच्या हाताखाली राहिले, तर बरेचसे काम येते. हत्यारे थोडी लागतात : स्क्रूड्रायव्हर, चिमटा, मऊ ब्रश, स्वच्छ फडकी, पट्टी, आणि वीज मोजायचे मीटर. प्रत्येक यंत्राचे एक पुस्तक असते. कोणत्या रोलरचा घेर किती, ते पुष्कळ पुस्तकांत दिलेले असते. यंत्राच्या पाटीवर आकडे येतात, त्यांचा अर्थही त्यात असतो. वाचणाऱ्याला ते पुस्तक म्हणजे अर्धा गुरूच.

पण एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. ती म्हणजे सचोटी. गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही. काच पुसून भागत असता ड्रमचे पैसे लावणारेही भेटतात. असे करू नये. काढलेला जुना भाग दुकानदाराच्या हातात द्यावा आणि दोष बोटाने दाखवावा. आणि तुम्ही दुकानदार असाल, तर तसे मागून घ्यावे.

लक्षात ठेवा

महत्त्वाच्या कागदाची प्रत घेतली, की तिथेच उभे राहून वाचा. नाव, तारीख, आकडे मूळ कागदाशी ताडून पाहा.

प्रतीवर बोट फिरवून पाहा. काळे लागले तर दुसरी मागा.

ठिपका एकदाच आला तर काच पुसायला सांगा. पुन्हा पुन्हा आला तर दोष आतल्या रोलरचा.

दुरुस्ती होईपर्यंत कागद फिरवून ठेवता येतो का, ते बघा.

मूळ कागद परत घ्यायला विसरू नका. गडबडीत तो काचेवरच राहतो.